गिटारसाठी पॉवर्ड स्पीकर: घरी आणि स्टेजवर एकच बॉक्स चालेल का?

सहा_तारा

सेटअप असा आहे: हंबकरवाली इलेक्ट्रिक गिटार, पुढे लाइन सिक्सचा एचएक्स स्टॉम्प (अँप, स्पीकर आणि इफेक्टची नक्कल करणारा पेडल), आणि हेडफोन. शिवाय पिझो (कंपन पकडणाऱ्या) पिकअपची एक अकूस्टिक आहे, तिच्यात प्रीअँप, म्हणजे सिग्नल वाढवणारं सर्किट, नाही. राहायला ठाण्यात, दोन बेडरूमचा फ्लॅट, भिंतीपलीकडे शेजारी. महिन्यातून एकदा-दोनदा कॅफेत वाजवतो, तिथे सोबत फक्त काहोन (वर बसून वाजवायचं लाकडी खोकं) असतो. गणपतीत सोसायट्यांच्या ऑर्केस्ट्रात मात्र ड्रम, ऑक्टोपॅड, कीबोर्ड सगळंच.

दुकानात ८ इंची पॉवर्ड बॉक्सवर (अँप आतच असलेला स्पीकर) '२००० वॅट' लिहिलंय आणि १० इंचीवर '७०० वॅट', तरी दुसराच महाग. हे काय गणित आहे? आणि स्टुडिओ मॉनिटर घेऊन तेच स्टेजवर नेले तर चालतील का?

काळीपट्टी

खोक्यावरच्या वॅटला फार किंमत देऊ नका. तो आकडा बहुतेक वेळा पीकचा असतो, म्हणजे क्षणभर निघणारी ताकद. यामाहा डीबीआर१० चंच घ्या: वर ७०० लिहिलंय, सतत मिळणारे ३२५, त्यातले २६० वूफरला आणि ६५ वरच्या हॉर्नला. तुलना करायची तर सतत मिळणारे वॅट एकमेकांशी ताडून बघा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कमाल एसपीएल, म्हणजे बॉक्स जास्तीत जास्त किती डेसिबल आवाज काढतो ते. वॅट दुप्पट झाले तरी फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज 'दुप्पट' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. म्हणजे दहापट वॅट! त्यामुळे २००० विरुद्ध ७०० हा फरक दिसतो तेवढा नसतोच.

८ इंचीची खरी अडचण वेगळी आहे. गिटारची जाड ई तार ८२ हर्ट्झवर असते, तेवढं ८ इंचीही वाजवतो. पण ड्रमच्या शेजारी आवाज चढवला की आतला लिमिटर (स्पीकर वाचवायला आवाज रोखणारं सर्किट) लागतो आणि डिस्टॉर्शनचा १०० ते ३०० हर्ट्झमधला भरणा दाबला जातो. सोलोला बूस्ट मारता, आवाज वाढत नाही, नुसता चपटा होतो. काहोनसोबत कॅफेत ८ इंची पुरेल. ऑर्केस्ट्राचा विचार असेल तर १० इंची घ्या. १२ इंचीत खालचा भरणा जास्त मिळतो, पण डीबीआर१२ जवळजवळ १६ किलोचा आहे आणि डीबीआर१० साडेदहा किलोचा. संध्याकाळच्या लोकलमध्ये चढताना हा फरक आपोआप कळतो.

स्टुडिओ मॉनिटर स्टेजवर नकोत. यामाहा एचएस५ एकूण ७० वॅटचा, मीटर-दीड मीटरवर बसून ऐकण्यासाठी बनवलेला. ड्रमच्या वर ऐकू यावा म्हणून ताणलात की वूफर फाटक्या आवाजात बोलतो आणि ट्वीटर जळण्याची वेळ येते. वर जाळी नाही, तळाला स्टँडचं भोक नाही.

मोकळी_ई

काळीपट्टींशी सहमत, फक्त एक भर. गिटारचेच म्हणून विकले जाणारे बॉक्सही आहेत. फेंडर टोन मास्टर एफआर-१० आणि एफआर-१२ वर तीन बँडचा ईक्यू (बेस, मिड, ट्रेबल) आणि हाय कटचं (वरचं टोक कापणारं) बटण हाताशी असतं, मागे वाकावं लागत नाही. लाइन सिक्सच्या पॉवरकॅबमध्ये गिटार स्पीकरचं मॉडेलिंग आतच आहे. ते चालू केलंत तर स्टॉम्पमधला कॅब ब्लॉक (गिटारच्या स्पीकर-खोक्याची नक्कल) बंद करा, नाहीतर कॅबवर कॅब बसतो आणि आवाज गोणपाटातून आल्यासारखा येतो. पण तुम्हाला अकूस्टिकही वाजवायची आहे आणि कधी गाण्याचा माइकही लागेल, म्हणून माझं मत साध्या पीए बॉक्सलाच, म्हणजे गाणं-वाद्य सगळं वाजवणाऱ्या फुल रेंज स्पीकरला.

बॉक्स कुठलाही घ्या, निम्मा आवाज सेटिंगवर आहे:

साध्या फुल रेंज बॉक्सवर कॅब ब्लॉक चालूच हवा. गिटारचा खरा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या पुढे झपाट्याने पडतो, हा बॉक्स मात्र पार १८-२० पर्यंत जातो. कॅबशिवाय डिस्टॉर्शन लावलं की माश्या घोंगावल्यासारखं ऐकू येतं, आणि लोक दोष बॉक्सला देतात.

कॅबमध्ये लो कट (त्याखालचं कापणं) ८० ते १०० हर्ट्झ, हाय कट ६ ते ७ किलोहर्ट्झ. डीबीआरच्या मागे डी-कॉन्टूरची (तयार ईक्यूची) कळ आहे, ती ऑफ ठेवा. 'एफओएच'वर (प्रेक्षकांकडच्या मुख्य स्पीकरसाठीची जागा) राहिली तर खालचं आणि वरचं दोन्ही फुगतं. बॉक्स जमिनीवर आडवा ठेवलात तरच 'मॉनिटर'वर न्या, कारण जमिनीमुळे बेस वाढतो आणि ही कळ तो कापते.

स्टॉम्पमध्ये ग्लोबल सेटिंगमधलं आउटपुट 'लाइन' करा आणि बॉक्सचं इनपुटही लाइनवर ठेवा. माइकवर राहिलं तर क्लिनही फाटतं. स्टॉम्पचा व्हॉल्यूम पाऊणच्या वर, बॉक्सचा नॉब गरजेपुरता. उलट केलंत तर फ्लॅटच्या शांततेत नुसती शिट्टीवजा सळसळ ऐकत बसाल.

आणि सगळ्यात जास्त फसगत इथे होते: घरी हळू आवाजात बनवलेला प्रीसेट स्टेजवर घुमतो आणि टोचतो. आपला कान हळू आवाजात बेस आणि ट्रेबल कमी ऐकतो. बेल लॅब्सच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच याचे वक्र मांडले. घरी कमी वाटलं म्हणून आपण दोन्ही वाढवतो, मोठ्या आवाजात ते जास्तीचं उघडं पडतं. उपाय एकच, रिहर्सल रूम दोन तास घ्या, ड्रमरला वाजवू द्या आणि प्रीसेट तिथे लावा. घरासाठी त्याचीच वेगळी प्रत ठेवा.

सहा_तारा

आभार, १० इंचीचं पक्कं. आणखी तीन शंका. पिझो सरळ बॉक्सला लावला तर चालेल? साउंडवाल्याला सिग्नल कुठून द्यायचा? आणि मंडळाच्या स्टेजवर नेहमी हम येतो, माइकला ओठ लागला की झिणझिण्याही येतात.

अर्थिंगवाला

शेवटचं आधी, कारण ते जिवाशी आहे. झिणझिण्या म्हणजे गिटारच्या तारा आणि माइक यांच्या अर्थमध्ये फरक आहे, किंवा बोर्डाला अर्थच नाही. वाजवण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून सॉकेट बघा: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ अर्धवट किंवा शून्य दाखवलं तर त्या बोर्डावर काही लावू नका, मंडपवाल्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. मग एक टोक तारांना आणि दुसरं माइकच्या जाळीला. एखाद-दुसरा व्होल्ट ठीक. शंभरच्या आसपास दिसलं तर ते अ‍ॅडॅप्टरच्या सूक्ष्म गळतीनेही असू शकतं, पण मीटरवरून ती आणि खरा धोका वेगळे ओळखता येत नाहीत, तेव्हा धोकाच समजा. तुमचा बॉक्स, स्टॉम्प आणि मिक्सर एकाच अर्थ असलेल्या बोर्डावरून चालवा. त्यानंतरही हम राहिला तर डीआय बॉक्सची (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) ग्राउंड लिफ्ट कळ दाबा, ती सिग्नल केबलचा अर्थ तोडते. प्लगची अर्थ पिन काढण्याचा सल्ला स्टेजवर हमखास कुणीतरी देतं. ऐकू नका.

साउंडवाल्याला स्टॉम्पच्या उजव्या आउटमधून डीआय बॉक्सने द्या, डावं आउट तुमच्या बॉक्सला. पण दोन्ही जॅक लागले की डावं मोनो राहत नाही, त्यामुळे स्टिरिओ डिले किंवा पॅन असलेला प्रीसेट अर्धा तुमच्याकडे आणि अर्धा लोकांकडे जातो. स्टेजचे प्रीसेट मोनो ब्लॉकांचेच बनवा. आणि स्वतःला कमी ऐकू आलं तर बॉक्सचा नॉब फिरवा, स्टॉम्पचा नाही. तो बाहेरचा आवाजही हलवतो, मग साउंडवाला तुमच्याकडे ज्या नजरेने बघतो ती सांगायला नको.

पिझो सरळ नको. प्रीअँप नसलेल्या पिझोला साधारण १ मेगाओहमचं इनपुट लागतं, बॉक्सच्या लाइन इनपुटला काही हजार ओहमच असतात. बेस गळून पत्र्यासारखा आवाज येतो. स्टॉम्पमधूनच न्या: इनपुट इंपीडन्स १ मेगाओहम, अँप आणि कॅब काढा, ईक्यूत लो कट ८० ते १००. घुमायला लागलं तर १०० ते २५० हर्ट्झमध्ये एक अरुंद पट्टा ६ डेसिबलने वाढवून सावकाश फिरवा. जिथे जास्त बोंबलतं तिथेच तो तेवढाच कापा. ड्रम असतील तर साउंडहोलला रबरी झाकण लावा.

घरी बॉक्स फरशीवर ठेवू नका, स्लॅबमधून बेस खालच्या मजल्यावर पोचतो. ३५ मिलिमीटरचा पोल स्टँड, भिंतीच्या कोपऱ्यापासून दूर, हॉर्न बसल्यावर कानाच्या उंचीला. रहिवासी भागात रात्री १० नंतरची मर्यादा ४५ डेसिबल आहे. तेव्हा हेडफोन.

सहा_तारा

मल्टिमीटर आजच बॅगेत टाकतो. डीआय बॉक्स पॅसिव्ह चालेल ना?

अर्थिंगवाला

चालेल. स्टॉम्पचा सिग्नल लाइनचा आहे, पॅसिव्हला पुरतो. मिक्सरवरून माइकसाठीचे ४८ व्होल्ट (फँटम पॉवर) चुकून चालू राहिले तरी ट्रान्सफॉर्मर ते स्टॉम्पपर्यंत पोचू देत नाही. फक्त पॅडची (सिग्नल कमी करणारी) कळ असलेला बघा, १५ किंवा २० डेसिबलचा.