आर्म६४ बिल्डमध्ये केव्हीएम गायब

प्रश्न: एक्स८६ (इंटेल/एएमडी प्रोसेसर) वरची चालती कॉन्फिग फाइल (कर्नल बनवतानाचे पर्याय) आर्म६४ (६४-बिट आर्म प्रोसेसर) च्या लिनक्स कर्नलसाठी घेतली. 'ओल्डडेफकॉन्फिग' (जुनी कॉन्फिग घेऊन नवे पर्याय डिफॉल्टवर ठेवणारी मेकची आज्ञा) चालवल्यावर केव्हीएमच, म्हणजे कर्नलमधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोयच, उडालं. जुन्या फाइलीत त्याला 'एम' (वेगळं मॉड्यूल) होतं. काय राहिलं?

उत्तर: राहिलं काही नाही, 'एम'च नडतंय. आर्म६४ वर केव्हीएम फक्त 'वाय' (कर्नलमध्येच) किंवा 'एन' (नको). मॉड्यूल होत नाही, कारण हायपरवायझरचा (व्हर्च्युअल मशीन सांभाळणारा) कोड कर्नल इमेजमध्येच जोडलेला असतो. आउटपुट वर सरकवून बघा, 'एम' अवैध असल्याची वॉर्निंग असेल. आधी 'व्हर्च्युअलायझेशन' चालू करा, मग केव्हीएम 'वाय'. आणि दर वेळी मेकला 'आर्च' (कोणत्या आर्किटेक्चरसाठी) व 'क्रॉस-कंपाइल' (कोणता कंपायलर) दोन्ही द्या. 'आर्च' विसरलात तर मेक होस्टचंच आर्किटेक्चर धरतो आणि कॉन्फिगची वाट लागते.

दुसरं उत्तर: केव्हीएम-इंटेल, केव्हीएम-एएमडी हे पर्याय एक्स८६ चेच, आर्मवर शोधत बसू नका. रिस्क-व्हीवर (आणखी एक प्रोसेसर आर्किटेक्चर) मॉड्यूल चालतं, पण प्रोसेसरला एच (व्हर्च्युअलायझेशनचं) एक्स्टेंशन हवं. बूट झाल्यावर डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) 'हाइप मोड उपलब्ध नाही' अशा अर्थाची ओळ आली, तर बूटलोडरने कर्नल ईएल२ (हायपरवायझरची पातळी) ऐवजी ईएल१ (साध्या कर्नलची पातळी) वर सुरू केलाय. तिथे कॉन्फिगशी झटापट व्यर्थ, फर्मवेअर तपासा.

प्रश्नकर्ता: 'वाय' केलं, बिल्ड झालं. पण एलएसमॉडमध्ये (लोड झालेल्या मॉड्यूलची यादी) दिसत नाही?

उत्तर: बिल्ट-इन आहे, दिसणारच नाही. 'डेव्ह' (डिव्हाइस फाइलींच्या) फोल्डरमध्ये 'केव्हीएम' आहे का ते बघा.