बुलिमिया आणि डिप्रेशन दोन्ही असताना दिवस कसा काढता?

पीजीवाली_पुणे: वय २३. बुलिमियाला (एकदम भरमसाठ खायचं आणि मग उलट्या काढायच्या) ३ वर्षं झाली, आता ६ महिने डिप्रेशनची गोळी पण चालू आहे. सकाळी उठवतच नाही, मेसचा डबा दुपारपर्यंत दाराबाहेर तसाच पडलेला असतो आणि मग रात्री सगळा तोल जातो. आईला फोनवर कधी चतुर्थी कधी गुरुवार सांगते, तिला वाटतं पोरगी उपास करते, खूश होते बिचारी. मला वाटायचं मूड सुधारला की खाणं आपोआप सुधारेल पण तसं होतच नाहीये. तुम्ही काय करता?

नागपूरची_ताई: अगं उलट आहे ते. मला अ‍ॅनोरेक्सिया होता, म्हणजे जाड होण्याच्या भीतीनं खाणंच तोडलेलं, मी पण मूडची वाट बघत बसले आणि वर्षं गेली. मग डॉक्टरांनी अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या प्रयोगाचं सांगितलं, १९४४-४५ मधला, ३६ धडधाकट तरुणांना ६ महिने अर्धपोटी ठेवलं तर त्यातले बरेच जण उदास, चिडके झाले, डोक्यात सतत खाण्याचेच विचार. ऐकून मी तिथेच रडले, तोवर वाटायचं मीच नालायक आहे. मग अलार्म लावून खायला लागले, भूक लागो न लागो, दर ३-४ तासांनी. सुरुवातीला फक्त मऊ भात, दही, वर मेतकूट, रोज तीच स्टीलची वाटी. आणि खाल्ल्यावर अर्धा तास मावसबहिणीला फोन, म्हणजे बाथरूमकडे पाय वळायचे नाहीत. मूड बऱ्याच महिन्यांनी सुधारला पण सुधारला.

कोल्हापूरकर_बाबा: बाळा, माझ्या मुलाला आहे हे, मुलांनाही होतं. उलट्यांचं डॉक्टरांपासून लपवू नकोस. पोरानं लपवलं म्हणून एका डॉक्टरांनी उदासीसाठी ब्युप्रोपिऑन नावाची गोळी लिहून दिली होती, बुलिमियात तिने फिट येऊ शकते, दुसऱ्या डॉक्टरांनी लगेच बंद केली. पोटॅशियम पण तपासून घे, उलट्यांनी ते कमी झालं तर हृदयाचे ठोके बिघडतात. आणि आईला उपासाचं खरं काय ते सांग, राग येईल तिला पण पहिला घास तीच भरवेल.

रात्रपाळी: रात्री फारच वाईट विचार यायला लागले तर टेलिमानसला १४४१६ वर फोन कर, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, मराठीत बोलतात.

पीजीवाली_पुणे: ताई, काका, थँक्यू. आज डबा १ वाजता आत घेतला, अर्धी पोळी आणि वरण खाल्लं. पोटॅशियमची टेस्ट उपाशीपोटी करायची असते का?

कोल्हापूरकर_बाबा: नाही गं. खाऊन जा.