मोबाइलवर स्टॉप-मोशन: चित्र लुकलुकतं, पुतळा कोसळतो

प्रश्न: कॉलेजच्या फिल्म स्पर्धेसाठी १० सेकंदांचा विनोदी स्टॉप-मोशन (पुतळा थोडाथोडा हलवत काढलेले फोटो जोडून केलेली फिल्म) करायचाय. पुतळा शाडूचा आहे. प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येतोय, मातीला तडे जातायत आणि पडण्याचा प्रसंग मुळीच हसवत नाही. काय चुकतंय?

प्रतिसाद १: लुकलुकण्याचं कारण ऑटो मोड, त्यात फोन प्रत्येक फोटोला सेटिंग स्वतःच बदलतो. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (यात सेटिंग आपण ठरवतो) आयएसओ (उजेड टिपण्याची क्षमता) १००, फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) कायम करा. शटर (फोटोसाठी उजेड आत येण्याचा वेळ) १/५० किंवा १/२५ सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. वेगवान शटर त्यातला एखादाच तुकडा पकडतं. खिडकी झाका. अंगात गडद कपडे हवेत, पांढऱ्या शर्टाचा उजेडही पुतळ्यावर पडतो! स्टँड टेबलाला चिकटपट्टीने बांधा आणि फोटो इअरफोनच्या बटणाने काढा.

प्रतिसाद २: शाडू सुकतो, म्हणून तडे. न सुकणारी तेलाची क्ले घ्या. आत दीड मिमी अॅल्युमिनियमची तार दुहेरी पिळून घाला, तळपायात छोटे चुंबक बसवा आणि खाली लोखंडी पत्रा ठेवा, म्हणजे पुतळा कोसळणार नाही.

प्रतिसाद ३: सेकंदाला १२ फोटो पुरेत, म्हणजे एकूण १२०. पडणं विनोदी हवं तर हालचाल सगळ्या फोटोंत सारखी विभागू नका. तोल गेल्यावर ८ फोटो जवळजवळ स्थिर ठेवा, फक्त डोळे हलवा. मग ३ फोटोंत धाडकन खाली. हसू त्या थांबण्यात असतं.