कुरडया तांबूस आल्या, चुकलं कुठं?

कावळे_राखणारी:
जुळे सोलापुरात राहते. गेल्या आठवड्यात जन्मात पहिल्यांदा एकटीनं कुरडया घातल्या. दोन किलो लोकवन गहू तीन दिवस भिजवला, रोज पाणी बदललं, मिक्सरला फिरवून मांजरपाटातून चीक गाळला. रात्रभर निवळू दिला, सकाळी वरचं पाणी ओतलं आणि जेवढा चीक तेवढंच पाणी उकळून, मीठ-हिंग घालून शिजवला. सगळं आईनं सांगितलं तसंच. तरी वाळल्यावर रंग तांबूस, जुन्या वहीच्या पानांसारखा. तळल्या की फुलतात, पण मधे कडक राहतात. वासही जरा आंबूस येतो.

आईचे गुडघे गेलेत, गच्चीवर चढता येत नाही. ती खाली खुर्चीत आणि मी वर शेगडीपाशी, मधे फोन. "चमक आली का? पळीवरून ओघळतोय का गोळा पडतोय?" व्हिडिओ कॉल लावला तर वाफेनं काच धुरकटली. शेवटी वैतागून म्हणाली, "हात लावून बघ की गं!" रटरटणाऱ्या चिकाला! मी फोन ठेवला.

शुक्रवार पेठेत आमचं माळवदाचं घर होतं. कुरडयांच्या दिवशी आम्ही सात-आठ पोरं ताटल्या घेऊन चुलीभोवती. गरम चीक, वर कच्चं शेंगतेल आणि शेंगाचटणी. मुंबईची मामेबहीण त्यात दूध-साखर घालायची, तिला आम्ही वर्षभर पुरेल एवढं हसून घ्यायचो. मग सोऱ्या फिरवायला मोठ्या बायका, आणि आमच्याकडे कावळे राखायचं काम. बाजेवरच्या धोतरावर कुरडया, मधोमध उघडी काळी छत्री, आणि शेजारी सावलीला मी. माळवद असं तापायचं की पाय टेकवत नसे. त्या कुरडया पांढऱ्याशुभ्र असायच्या. निदान मला तशा आठवतात.

गहू चुकला, भिजवण चुकलं, का दुपारनंतर आभाळ आलं त्याचा परिणाम? रोहिणी लागलीय. 7 जूनला मृग, त्याआधी अजून एक घाणा करायचाय.

चाटी_गल्ली:
ताई, आभाळाला बोल लावू नका. पाणी ओतल्यावर चिकावर करड्या-तांबूस रंगाचा चिकट थर दिसला असेल, तो खरवडून काढला का? पांढरं सत्त्व जड, ते तळाला बसतं. कोंड्याचा बारीक अंश आणि गव्हाचा चिकट भाग वर राहतो. तो तसाच ढवळला की रंग गेलाच. मिक्सर फार फिरवला तरी हेच होतं, कोंड्याचं पीठ होऊन कापडातून उतरतं. थांबत थांबत फिरवा, गहू फुटला की बास.

आंबूस वास भिजवण्याचा. आपल्याकडं पारा 42-43 ला गेल्यावर पाणी दिवसातून दोनदा बदलायचं. तीन दिवसांचा हट्टही नको, दाणा चिमटीत दाबल्यावर पांढरा चीक सुटला की झालं.

आणि मधे कडक, म्हणजे चीक कच्चा राहिला. तुमची आई बरोबर बोलली ओ! पळीवर थोडा घ्यायचा, बोट पाण्यात बुडवून त्याला लावायचं. चिकटला नाही तर शिजला. चोथा टाकला नसाल तर भुसवड्या घाला.

बार्शीची_सून:
इतका पांढऱ्याचा सोस कशाला? आमच्या सासूबाईंनी कधी थर काढला नाही. कुरडई गव्हाचीच दिसायला हवी, बाजारातल्या पांढऱ्याफेक कुरडयांना चव तरी असते का? आंबूस वास मात्र चूक, ते मान्य.

आणि मृगाच्या भरवशावर राहू नका. 2025 ला मान्सून 26 मेलाच मुंबईत पोचला, त्याआधी वळवानं झोडपलं ते वेगळंच. माझे मटकीचे सांडगे तेव्हा बाजेखाली, पलंगाखाली, पंख्याखाली, सगळीकडं फिरवून शेवटी बुरशी आली ती आलीच. तेव्हापासून वाळवण एप्रिलमध्येच उरकते.

मागावरचा_पोरगा:
आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले विणकर, घरात तेलुगू. कुरडया नाहीत, आवकाय. कैरी कोयीच्या कवचासकट तोडायची, प्रत्येक फोड कोरडी पुसायची, मोहरीची पूड, तिखट, मीठ, लसूण आणि तिळाचं तेल. त्या दिवशी पुढच्या खोलीतले माग बंद, कारण परात ठेवायला दुसरी जागाच नव्हती. लोणचं बरणीत भरलं की खरकट्या परातीत गरम भात कालवून आई एकेकाच्या हातावर मुटका ठेवायची. वर्षभराच्या लोणच्यापेक्षा तो मुटका भारी.

शेजारच्या काकूंकडं कुरडया असायच्या, त्यांच्या कुरडया आमच्याकडं, आमची बरणी त्यांच्याकडं. रात्रपाळी करून पहाटे पाचला परत येताना त्या अंगणात घमेल्यात उलथन्यानं काहीतरी खरवडत बसलेल्या दिसायच्या. मला वाटायचं भांडं घासतात. वरची पोस्ट वाचून आज कळलं.

कावळे_राखणारी:
आईला विचारलं. "थर काढायचा असतो हे सांगितलं का नाहीस?" तर म्हणे, "त्यात काय सांगायचं? काढतातच की." म्हणजे आम्ही ताटल्या घेऊन बसायच्या आधीच, अंधारात, ते उरकलेलं असायचं. पोरांनी फक्त चीक खाल्ला.

बार्शीच्या ताई, रंग सोडून देते, पण वास नाही. तांबूस कुरडया कोमट पाण्यात भिजवून कांदा, हिरवी मिरची घालून भाजी केली, कडक भाकरीबरोबर. आंबूसपणा लसणीत लपला. अजून डबाभर शिल्लक आहेत.

काल रात्री एक किलो गहू परत भिजत घातलाय. आज सकाळी आणि आत्ता संध्याकाळी, दोनदा पाणी बदललं. अक्कलकोट रोडच्या बाजूनं ढग चढतायत, आणि आई मघापासून विचारतेय, छत्री कुठं ठेवलीस.