काउंटरवरून परत गेलेला पेशंट कुणाच्या हिशेबात धरायचा?

पाणंद:
मी नऊ वर्षं एका हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर काम केलं म्हणून हे लिहितेय. सरकारी दवाखान्यांवर आणखी खर्च कशाला, लोकांनी थोडेतरी पैसे भरावेत म्हणजे किंमत कळते, असं सारखं कानावर येतं. एक बाई रक्ततपासणीची चिठ्ठी घेऊन यायच्या, किती होतील विचारायच्या, आकडा ऐकला की चिठ्ठीच्या चार घड्या करून पर्समध्ये ठेवायच्या आणि पुढच्या आठवड्यात करते म्हणून निघून जायच्या. असं तीनदा झालं. चौथ्यांदा आल्या त्या स्ट्रेचरवर, शुगर बेफाम वाढलेली, पायाची जखम सडलेली, अंगठा काढावा लागला. त्या बिलाची प्रिंट मीच काढली आणि ते त्या तपासणीच्या कितीतरी पट होतं. आजाराची किंमत त्यांना कळत नव्हती असं कोण म्हणेल? माझं स्पष्ट मत आहे, टॅक्समधून भरपूर पैसा घालून सगळ्यांसाठी एकच चांगली सेवा हवी, आणि आजारी माणसाकडून दारात पैसे घेऊ नयेत.

तराजू:
वाचून वाईट वाटलं, पण एका अनुभवावरून धोरण ठरवता येत नाही. अमेरिकेत १९७४ ते १९८२ या काळात रँड या संशोधन संस्थेने मोठा प्रयोग केला होता, हजारो लोकांना वेगवेगळ्या विमा योजनांत घातलं, काहींना सगळं मोफत, काहींना खर्चाचा वाटा उचलायला लावला. मोफतवाल्यांनी सेवा जास्त वापरली पण सरासरी तब्येतीत फारसा फरक पडला नाही. मग तो जास्तीचा पैसा गेला कुठे? तोच पैसा पिण्याचं पाणी, लसी यांवर घातला तर जास्त जीव वाचतील असं मला मनापासून वाटतं.

पाणंद:
@तराजू, अहो पण त्याच प्रयोगातलं पुढचंही सांगा ना. गरीब आणि बीपी असलेल्या लोकांचं बीपी मोफत गटात जास्त आटोक्यात राहिलं. आणि खिशातून पैसे जायला लागल्यावर लोकांनी फक्त नको ते उपचार टाळले नाहीत, गरजेचेही तेवढेच टाळले! साहजिक आहे, छातीत दुखतंय ते ॲसिडिटीने की हार्टमुळे हे पेशंटला कसं कळणार, तेच कळायला तर डॉक्टरकडे जायचं असतं. सरासरीत ही माणसं दिसत नाहीत.

उत्तरवारा:
ताई, तुमची तळमळ समजते पण ब्रिटनकडे बघा. ५ जुलै १९४८ पासून तिथे टॅक्सवर चालणारी सेवा आहे आणि २०२३ मध्ये एकट्या इंग्लंडमध्ये वेटिंग लिस्ट ७० लाखांच्या वर गेली होती. दारात पैसे नाहीत पण महिनोन् महिने थांबायचं, हीसुद्धा किंमतच झाली की. सिंगापूरने १९८४ मध्ये मेडिसेव्ह आणलं, पगारातून स्वतःच्या आजारपणासाठी सक्तीची बचत, खर्च कमी आणि आयुर्मान जगातल्या सर्वात चांगल्यांपैकी.

सूक्ष्मदर्शी:
मी लॅब टेक्निशियन आहे, दोन्ही बाजूंना थोडं सांगते. सिंगापूरमधली बहुतेक मोठी हॉस्पिटलं सरकारीच आहेत आणि साध्या वॉर्डांना भरघोस सबसिडी असते, नुसत्या बचतीवर ते चालत नाही. ब्रिटनचं म्हणाल तर २००० नंतर निधी भराभर वाढवला तेव्हा ह्याच रांगा खूप कमी झाल्या होत्या, २०१० नंतर वाढीचा वेग आखडला आणि रांगा परत वाढल्या, कोविड तर नंतर आला. पण पाणंद, नुसतं मोफत जाहीर करून भागत नाही हो. आमच्याकडे मशीन होतं पण रिएजंट, म्हणजे तपासणीला लागणारं रसायन, संपलेलं, पाच आठवडे त्याच्यावर कापड टाकून ठेवलं होतं, आणि मी रोज लोकांना बाहेरून करून आणा म्हणून सांगत होते. बोर्डावर मोफत लिहिलेलं, मला त्या बोर्डाखाली बसायची लाज वाटायची. मशीन घ्यायला पैसे मिळतात पण ते चालवायला रिएजंट, दुरुस्ती, माणूस यांना कुणी देत नाही, माझ्या मते खरं दुखणं हे आहे.

पाणंद:
हे अगदी पटलं, म्हणूनच मी भरपूर पैसा म्हटलं. थायलंडने २००२ मध्ये सगळ्यांना आरोग्य संरक्षण दिलं, तेव्हा काही तो श्रीमंत देश नव्हता. एका भेटीला फक्त ३० बाट, बाकी खर्च टॅक्समधून, आणि ते जमलं कारण गावोगावचे दवाखाने, नर्सेस यांची तयारी आधीची कित्येक वर्षं चालू होती. आणि सेवा सगळ्यांची असली की रिएजंट संपल्यावर ओरडणाऱ्यांत वजनदार लोकही असतात, फक्त गरिबांसाठी ठेवली की त्यांचं ऐकतो कोण.

तराजू:
ठीक, दीर्घकाळ चालणारे आजार आणि पहिली तपासणी मोफत, इथपर्यंत मी येतो. पण ज्यांना परवडतं त्यांनी भरावेत, आणि ज्यांना नाही त्यांना सूट द्या. ह्यात काय चूक आहे?

पाणंद:
तराजू, आमच्याकडे अशीच सूट होती. उत्पन्नाचा पुरावा आणा, मग सूट, हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा बोलायचे. पुरावा आणायचा म्हणजे रोजंदारी बुडवायची, आणि ज्याची रोजंदारी बुडते त्याच्याकडेच पुरावा नसतो. परवडतं त्यांच्याकडून घ्या ना, पण टॅक्समध्ये घ्या, तो धडधाकट असताना. सूट मिळालेल्यांचा आकडा आम्ही दर महिन्याला वर पाठवायचो. पुरावा आणायला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत, अशांसाठी त्या फॉर्ममध्ये रकानाच नव्हता.