सागवानी फ्रेमचे कोपरे उन्हाळ्यात आतून उघडतात: सांधा बदलावा की लाकूड?

नमस्कार.

घरच्या घरी लाकडी फ्रेम तयार करणाऱ्या, तसेच सुतारकामाचा प्रत्यक्ष अनुभव असणाऱ्या जाणकारांचा एका नेमक्या अडचणीबाबत सल्ला हवा आहे. सिंहगड रस्त्यावरील आमच्या सदनिकेची एक बाल्कनी बंदिस्त करून मी तेथे छोटी कार्यशाळा थाटली आहे. बारीक दात्यांची करवत, लोखंडी रंधा, पटाश्या, खाच पाडण्यासाठी लहान राउटर आणि चारही कोपरे एकाच वेळी आवळणारा पट्ट्याचा शिकंजा एवढीच माझी सामग्री आहे. लाकूड भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून आणतो, आणि मिळाले तर पाडलेल्या वाड्यांचे जुने सागवान घेतो. जुन्या सागवानात लपलेले खिळे रंध्याच्या पात्याचा जीव घेतात हे खरे, परंतु त्याचा रंग नव्या लाकडाला येत नाही.

अडचण अशी आहे. गेल्या पावसाळ्यात दोन इंच रुंद सागवानी पट्टीच्या काही फ्रेम केल्या. टोके करवतीने 45 अंशांत कापून नंतर त्याच कोनाच्या ठोकळ्यावर रंध्याने तासून घेतली होती, समोरासमोरच्या पट्ट्या एकमेकींवर ठेवून लांबी जुळवली होती आणि शिकंजा आवळल्यावर दोन्ही कर्ण मोजून सारखे असल्याची खात्री केली होती. सांधे पांढऱ्या फेव्हिकॉलने जोडले. त्या वेळी कोपऱ्यावरून नख फिरवले तरी जोड जाणवत नव्हता. मार्च उजाडला तसे चारही कोपरे आतल्या बाजूने, म्हणजे काचेकडील टोकाशी, उघडू लागले आणि एप्रिलअखेर त्या फटीत पोस्टकार्डाची कड सहज सरकू लागली. बाहेरची टोके मात्र अजूनही घट्ट मिटलेली आहेत.

फट आतूनच पडते यावरून हा दोष कापण्याचा नसून लाकूड आक्रसण्याचा आहे, असे माझे मत झाले आहे. पुण्यात ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर राहते, तर एप्रिलच्या दुपारी ती 20-25 टक्क्यांपर्यंत उतरते. लाकूड लांबीत जवळजवळ आक्रसत नाही, रुंदीत आक्रसते. त्यामुळे पट्टीची रुंदी कमी झाली की 45 अंशांचा काप 45 अंशांचा राहत नाही, टोक किंचित अधिक निमुळते होते आणि दोन पट्ट्या काटकोनात धरून ठेवल्या असल्यास आतल्या बाजूला फट पडते. (हीच फ्रेम उन्हाळ्यात केली असती तर पावसाळ्यात कोपरे बाहेरच्या बाजूने उघडले असते.) ऋतूंमधील सगळा फरक लाकडात उतरत नाही, हे मान्य आहे. तरीही सागवानातील ओलावा चार-पाच टक्क्यांनी घटला, तर दोन इंचांच्या पट्टीत साधारण अर्ध्या मिलिमीटरची फट पडावी, असा माझा हिशेब आहे आणि प्रत्यक्षातली फटही तेवढीच आहे.

एका सुतारांनी मला कोपऱ्यात पाचर बसवण्यास सुचवले आहे. बाहेरच्या कडेतून करवतीने आडवी खाच घ्यायची, तीत पातळ त्रिकोणी फळी सरस लावून ठोकायची आणि वाढीव भाग तासून टाकायचा. डिंक लावून जोडलेल्या तिरप्या टोकांना मुळातच बळ कमी असते, कारण तेथे लाकडाचे उघडे रंध्र डिंक शोषून घेतात. त्यामुळे पाचरीने फ्रेम निखळणार नाही याविषयी मला शंका नाही. माझी शंका वेगळी आहे. पाचर बाहेरच्या टोकाजवळ बसते आणि फट आतल्या टोकाशी पडते. मग खाच पट्टीच्या रुंदीच्या दोन-तृतीयांशापर्यंत खोल नेली, तर ती फट खरोखर रोखली जाईल, की रोखलेला ताण लाकडालाच चीर पाडेल? ज्यांनी पाचर बसवलेल्या रुंद फ्रेम पुण्याच्या हवेत दोन-तीन वर्षे टांगून पाहिल्या आहेत, त्यांनी आपला अनुभव अवश्य सांगावा.

दुसरा पर्याय तिरपा सांधा सोडून देण्याचा आहे. कुसवाचा सांधा (एका पट्टीचे टोक बारीक करून दुसरीच्या भोकात बसवलेला), किंवा दोन्ही पट्ट्यांची अर्धी-अर्धी जाडी कापून एकीवर एक बसवलेला सांधा घेतला, तर पट्टी आक्रसली तरी कोपऱ्यात तिरपी फट दिसण्याचा प्रश्नच उरत नाही. जुन्या वाड्यांतील दारे-खिडक्यांच्या चौकटी कुसवांवरच उभ्या आहेत. मात्र काचेसाठी मागून घेतलेली खाच अशा सांध्यात कोपऱ्यापर्यंत सलग नेता येत नाही, ती मध्येच थांबवून पटाशीने चौकोनी करावी लागते. हे काम राउटरने नीट कसे उरकावे, याविषयी मार्गदर्शन मिळाले तर फार उपकार होतील.

लाकडाच्या निवडीबाबतही विचारायचे आहे. ज्या फळीच्या टोकावरील वर्षवलये रुंदीच्या बाजूशी काटकोनात उभी असतात, ती फळी आडव्या वलयांच्या फळीपेक्षा रुंदीत जवळपास निम्मीच आक्रसते. वखारीत मात्र ‘उभ्या वलयांची फळी द्या’ असे म्हटल्यावर समोरचा माणूस आपल्याकडे पाहतच राहतो. तेथे अशी फळी मागण्याची रूढ पद्धत काय आहे, की ढिगातून स्वतः टोके तपासून वेचणे हाच मार्ग आहे? शिवणीचे लाकूड फ्रेमसाठी कोणी वापरले असल्यास तेही कळवावे. पॉलिशविषयी एकच प्रश्न आहे: मी आजवर फक्त दर्शनी बाजूला लाखेचे पॉलिश केले असून मागची बाजू आणि खाच कोरी ठेवली आहे; सर्व बाजूंना सारखे हात दिल्याने या चढउतारात जाणवण्याइतका फरक पडतो का?

फायबरची तयार पट्टी वापरा, हा सल्ला मला अनेकांनी दिला आहे आणि साध्या छायाचित्रांसाठी तो योग्यच आहे, कारण त्या पट्टीला पावसाळा-उन्हाळ्याचे सोयरसुतक नसते. परंतु आता जी फ्रेम करायची आहे ती घरातील एका जुन्या शिळाछापाच्या देवचित्रासाठी आहे. 1878 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या चित्रशाळा छापखान्याचे हे चित्र असून त्याचा कागद कडांना ठिसूळ झाला आहे. कोपऱ्यातील फट येथे केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही, त्यातून धूळ आणि कसर आत शिरते. चित्राला आम्लरहित पुठ्ठ्याचा माउंट देऊन ते काचेपासून दूर ठेवणार आहे, त्यामुळे तो भाग ठरलेला आहे.

चित्र 14 बाय 20 इंचांचे असून माउंटसह काच 18 बाय 24 इंचांची, दोन मिलिमीटर जाडीची लागेल. तिचेच वजन साधारण 1.4 किलो भरते. पट्टीची रुंदी दोन इंचांवरून सव्वा इंचावर आणली तर आक्रसणेही त्या प्रमाणात घटेल, हे उघड आहे. एवढ्या वजनाला सव्वा इंच रुंद आणि पाऊण इंच जाड सागवान पुरेल का, आणि पुरत असल्यास त्या पट्टीत काचेची खाच किती सुतांची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) ठेवावी?