बेइराचे देखभाल केंद्र : माणसे पाठवावीत की पैसे?

चिरेबंदी :
मोझांबिकमधल्या बेइरा शहरात निराधार वृद्धांसाठी देखभाल केंद्र बांधायला गोव्यातल्या सासष्टीतल्या एका फिर्गजेचे (चर्चच्या पॅरिशचे) 12 स्वयंसेवक जानेवारीत 2 आठवड्यांसाठी निघणार आहेत. त्यांच्या हेतूबद्दल आदरच आहे, पण माझे मत स्पष्ट आहे : तिकिटांचे पैसे तिकडे पाठवा. जानेवारी हा आपला बांधकामाचा हंगाम, तिकडे मात्र ऐन पावसाचा. पाया खणला की चर पाण्याने भरणार. शिवाय काँक्रीटची सातव्या दिवसाची ताकद 28 दिवसांच्या ताकदीच्या साधारण दोन-तृतीयांश असते, आणि तुळईखालचे टेकू 14 दिवस हलवायचे नसतात. मग पंधरवड्यात ही मंडळी पुरे काय करणार? बेइरात गवंडी आहेत, त्यांना मजुरी मिळू द्या.

झुआरीकाठ :
हंगामाचे पटले, जून ते सप्टेंबरमध्ये जावे. बाकीचे पटत नाही. मार्च 2019मध्ये इडाई वादळ बेइराजवळच धडकले. तिथे छप्पर कसे बांधले जाते यावर सगळे अवलंबून आहे. वादळात वारा पत्रा वर ओढतो, कडांना आणि कोपऱ्यांना सर्वांत जोरात. म्हणून खिळे नकोत, वायसरचे स्क्रू हवेत, तेही पत्र्याच्या उंचवट्यावर : मधल्या भागात एकाआड एक, वळचणीला आणि आढ्याला प्रत्येक उंचवट्यावर. कैची (छप्पर पेलणारा त्रिकोणी सांगाडा) लोखंडी पट्टीने भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्याला बांधलेली, आणि तो पट्टा सळ्यांनी थेट पायाला. यातला एक दुवा सुटला तरी छप्पर जाते. पैसे पाठवून हे दुवे कोण तपासणार?

चिरेबंदी :
तपासायला 2 जाणकार पुरेत, 12 कशाला? उलट आपल्या सवयी तिथे घात करतील. आपण चिरा (जांभा दगड) भिजवून लावतो. तसाच सिमेंटचा ब्लॉक भिजवला तर सुकताना तो आकसतो आणि सांध्याला भेग पडते. पावसासाठी आपण वळचण लांब काढतो. वादळी किनाऱ्यावर तीच वाऱ्याच्या हाती लागते. व्हरांडा हवाच असेल तर त्याचे छप्पर वेगळे ठेवावे, म्हणजे उडाले तरी मुख्य छप्पर वाचते. नवख्या हातांचे तर विचारू नका. कालवायला सोपे जावे म्हणून पाणी ओततात. 50 किलोच्या पोत्याला 25 लिटरच्या आसपास हवे तिथे 35 लिटर गेले की ते काँक्रीट कमजोरच राहणार.

मोगरा :
तब्येतीचे कुणीच बोलत नाही. तिकडचा मलेरिया जिवावर बेततो. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिली तर ती निघण्याच्या 1-2 दिवस आधीपासून परतल्यावर 4 आठवड्यांपर्यंत रोज घ्यायची असते. घरी आल्यावर लोक सोडून देतात. शिवाय या गोळीने ऊन बाधते, आणि काम उन्हातलेच. इथिओपियातल्या अदिस अबाबामार्गे येताना विमानतळाबाहेर पडलात तर पिवळ्या तापाच्या लशीचे प्रमाणपत्र लागेल, नाहीतर भारतात उतरल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरण. लस घेतल्यावर 10 दिवसांनीच ते लागू होते.

झुआरीकाठ :
ही काळजी घेऊनही माणसे जावीत, पण ब्लॉक रचायला नव्हे. देखभाल केंद्र म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. पुरापासून वाचायला जोते 60 सेंटिमीटर उचलले, तर चाकाच्या खुर्चीसाठी 1:12 उताराला 7.2 मीटर लांबी लागते. आखणीच्या दिवशी ती जागा सोडली नाही, तर पुढे उतार खडा होतो आणि खुर्ची दोघांना ढकलावी लागते. दारे किमान 90 सेंटिमीटर, संडासात भिंतीला आधाराची दांडी. हे नर्स आणि वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांनाच चटकन दिसते, आणि आपल्या फिर्गजांत अशा बायका भरपूर आहेत. पोर्तुगीज येणारे जुने शिक्षकही सोबत न्या. गवंड्यांशी बोलायला दुभाषा शोधावा लागणार नाही.

चिरेबंदी :
शुश्रूषेसाठी चौघे आणि छपरासाठी दोघे, एवढे मान्य. उरलेल्या सहांच्या तिकिटांचे पैसे स्क्रू, पट्ट्या आणि गवंड्यांच्या मजुरीला द्या. पण उताराची आखणी पाया खणण्याआधी लागते आणि छपराची तपासणी पत्रे चढताना. मग हे दोन गट एकाच वेळी कसे जातील?